मगरी, वडाची फळं आणि दहा टक्के

बडोद्याच्या वाचकांनी या वेळी शाळेतल्या पर्यावरण विषयावर बरंच काही विचारलंय. लांब पत्रं आटोपशीर केली आहेत आणि एकसारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. उत्पादक, भक्षक, विघटक सगळं तोंडपाठ. पण आपल्या नळाला पाणी कुठून येतं विचारलं तर म्हणते, "टाकीतून." तिला हा विषय खरंच कळलाय का, हे घरच्या घरी कसं ओळखू?
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : व्याख्या राहू द्या बाजूला. कमाटीबागेतला एखादा जुना वड दाखवा आणि विचारा, एवढं टनावारी लाकूड आलं कुठून? बहुतेक मुलं (आणि खरं सांगायचं तर बहुतेक पालकही) "मातीतून" म्हणतात. सतराव्या शतकात आजच्या बेल्जियममधल्या व्हान हेल्मोंटने सुमारे ९० किलो वाळवलेली माती कुंडीत भरून विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सत्तर-पंचाहत्तर किलोने वाढलं, माती मात्र जेमतेम ६० ग्रॅमने घटली. सगळं पाण्यातून आलं, असा निष्कर्ष त्याने काढला. तोही अर्धवटच. लाकडाच्या सुक्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. मातीतून येतात ते नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश आणि इतर क्षार. प्रमाण थोडं, पण त्यांच्यावाचून सगळं अडतं. हे ज्या मुलीला उमगलं, तिला लाकूड जाळल्यावर राख एवढीशीच का उरते, हेही सांगता येतं.

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलाच आहे, तो पुढे न्या. बडोद्याला आजवा सरोवराचं, मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं (वाळूतून झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या) आणि नर्मदा कालव्याचं पाणी मिळतं. तुमच्या भागात यांपैकी कुठलं येतं, हे पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात विचारायला तिलाच पाठवा. मग तिला म्हणा, आता मोरीतून गेलेल्या पाण्याचा माग काढ. गटार, मलजल शुद्धीकरण केंद्र, विश्वामित्री नदी, मग ढाढर नदी, शेवटी खंभातचं आखात. कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी तर बडोद्यापासून आखातापर्यंत सुमारे ५६ किलोमीटरचा वेगळा कालवा आहे. "फेकून दिलं" म्हणजे कुठे, याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून देता आलं पाहिजे.

तिसरा प्रश्न थोडा खट्याळ आहे. झाड रात्री काय करतं? "रात्री श्वसन करतं" हे उत्तर चुकीचं नाही, पण "फक्त रात्री" असं तिच्या डोक्यात असेल तर घोडं तिथेच पेंड खातंय. झाड चोवीस तास श्वसन करतं. दिवसा अन्न बनवण्याचा वेग श्वसनापेक्षा जास्त असतो, म्हणून हिशेब ऑक्सिजनच्या बाजूने जमेत राहतो. ही एवढी गोष्ट पक्की असेल तर पुढचा तळ्यातल्या माशांचा प्रश्न ती स्वतः सोडवेल.

आमच्या मते शाळकरी वयात एवढं आलं तरी भरपूर झालं : पदार्थ फिरत राहतात, ऊर्जा एकदाच वाहते आणि उष्णता होऊन निघून जाते, आणि "किती?" व "किती वेळात?" असं विचारल्याशिवाय या दोन्हींतलं काहीच नीट कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरण विषय सक्तीचा झाला हे उत्तमच झालं, पण आजही त्यात घोषवाक्यं जास्त आणि मोजमाप कमी.

प्रश्न : पुस्तकात १०,००० – १,००० – १०० – १० असा ऊर्जेचा मनोरा आहे. मग वरच्या टोकाला असलेल्या मगरी विश्वामित्रीत एवढ्या कशा? वाघ तर थोडेच असतात.
– इयत्ता नववी, वाघोडिया रोड

उत्तर : शंका फार चांगली काढलीस. गणित तुझं बरोबर आहे. चुकतंय ते पुस्तकातलं चित्र, कारण ते अर्धंच आहे.

प्रत्येक पायरीवर खालची दहा टक्केच ऊर्जा वर पोचते, असं तो मनोरा सांगतो. पण दहा टक्के हा निसर्गाने घालून दिलेला दर नाही, ढोबळ सरासरी आहे. अमेरिकेतल्या लिंडेमनने १९४२ मध्ये एका तळ्यावरच्या अभ्यासातून ऊर्जेच्या टप्प्यांचा हिशेब मांडला, तेव्हापासून ही कल्पना रुजली. प्रत्यक्षात हे प्रमाण कुठे ५ टक्के, कुठे २० टक्के भरतं.

आता वाघ आणि मगर यांच्यातला फरक बघ. वाघ उष्ण रक्ताचा. शरीर सतत गरम ठेवण्यातच त्याचं बहुतेक खाणं खर्ची पडतं. सस्तन प्राणी आणि पक्षी खाऊन पचवलेल्या ऊर्जेतला जेमतेम १ ते ३ टक्के भाग शरीरवाढीत घालतात. थंड रक्ताच्या प्राण्यांत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असतं, माशांमध्ये सुमारे १० टक्के. मगर उष्णता उन्हाकडून फुकट घेते. हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास ती काठावर ऊन खात पडलेली दिसते, ती याचसाठी. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढं लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात तिचं भागतं. म्हणून तेवढ्याच खाण्यावर वाघांपेक्षा पुष्कळ जास्त मगरी जगू शकतात.

दुसरी गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. तुझ्या मनोऱ्याचा पाया म्हणजे नदीतलं शेवाळ आणि पाणवनस्पती. पण शहरातल्या नदीला बाहेरूनही खाणं पुरवलं जातं. सांडपाण्यातले सेंद्रिय कण, फेकलेलं अन्न, मेलेली जनावरं. त्यावर जीवाणू आणि अळ्या जगतात, त्यांच्यावर तिलापियासारखे मासे, आणि माशांवर मगर. कुजक्या पदार्थांपासून सुरू होणारी ही साखळी पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, पण विश्वामित्रीत तीच मोठी आहे. त्यामुळे नदीत मगरी पुष्कळ आहेत, म्हणजे नदी निर्मळ आहे, असा अर्थ काढू नकोस.

परीक्षेत मात्र १०,००० – १,००० – १०० – १० हेच लिही. खाली कंसात "सरासरी" असं लिहिलंस तर कोणी गुण कापणार नाही.

प्रश्न : आठवीच्या ४० मुलांना दोन तासिकांसाठी कमाटीबागेत नेता येईल. दरवेळी मुलं पळापळ करतात, झाडांची नावं उतरवतात आणि परत येतात. काही ठोस करून घ्यायचं आहे.
– एक शिक्षिका, कारेलीबाग

उत्तर : बाई, नावांच्या मागे लागू नका. ८० मिनिटांत दोनच कामं होतात. तिसरं वर्गात करा.

पहिलं काम चौकटीचं. पाच-पाच मुलांचे आठ गट करा. प्रत्येकाला चार काड्या आणि सुतळी द्या, एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखायला सांगा. चार गट हिरवळीवर, चार कुंपणालगतच्या न कापलेल्या गवतात. चौकटीतल्या वनस्पतींचे प्रकार मोजायचे. नाव येत नसेल तर 'अ', 'ब', 'क' लिहून प्रत्येकाचं एकेक पान वहीत चिकटवायचं. दर गटाने पाच चौकटी पुऱ्या केल्या तरी दोन्ही जागांच्या मिळून ४० नोंदी होतात. मग प्रत्येक प्रकार किती चौकटींत सापडला, याची टक्केवारी काढा.

हमखास फसतं ते जागा निवडताना. मुलं फुलं दिसतील तिथेच चौकट आखतात, आणि आकडे फुगतात. म्हणून आधी चिठ्ठ्या काढा : एका चिठ्ठीवर किती पावलं सरळ जायचं, दुसरीवर किती पावलं उजवीकडे. पाऊल रिकाम्या मातीवर पडलं तर चौकट रिकाम्या मातीवरच. शून्य हीसुद्धा नोंद आहे, हे त्यांच्या गळी उतरवायला थोडा वेळ लागेल, पण उतरवाच.

दुसरं काम वडाच्या फळाचं. बडोद्यात राहून ते केलं नाही तर मग कुठे करणार? वडाचं फळ म्हणजे आत वळलेला फुलोरा, शेकडो बारीक फुलं आतल्या अंगाला. टोकाच्या भोकातून एक-दोन मिलिमीटरची मादी गांधीलमाशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीचे नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे उडतात, आणि त्यांच्याकडे वेळ असतो जेमतेम एक-दोन दिवसांचा. म्हणून आसपासचे सगळे वड एकाच वेळी फळले तर माश्यांची साखळी तुटेल. झाडं मागेपुढे फळतात, त्यामुळे तांबट, हळद्या, हरियाल, मैना आणि वटवाघळं यांनाही कुठे ना कुठे काही मिळत राहतं.

बागेतल्या झाडाची फळं तोडू नका, शाळेच्या आवारातल्या किंवा घराजवळच्या वडाची घ्या. पूर्ण लाल झालेली नकोत, त्यांतून माश्या कधीच निघून गेलेल्या असतात. टणक हिरवीही नकोत, ती तोडल्यावर पिकत नाहीत. हिरव्यावरून नुकती रंग बदलू लागलेली आणि दाबल्यावर किंचित मऊ लागणारी दहा-बारा फळं काचेच्या बरणीत ठेवा. तोंडाला मलमलचं कापड बांधा. प्लास्टिकचं झाकण लावलंत तर आत दमटपणा साचतो, बुरशी येते आणि माश्या थेंबांना चिकटून मरतात. दोन-तीन दिवसांत बाहेर पडणारे कीटक दहापट भिंगाखाली बघा. एकाच प्रकारचे नसतील. परागण न करता नुसती अंडी घालणाऱ्या फुकट्या माश्याही त्यांत असतात, आणि मुलांना खरी गंमत तिथेच वाटते.

वर्गातलं काम : बरणीभर वाल घ्या, मोजू नका. ४० काढून त्यांवर पेनाने ठिपका द्या, परत टाका, बरणी नीट हलवा. मग ५० काढा. त्यांत १० ठिपकेवाले निघाले तर एकूण ४० × ५० ÷ १० = २००. नंतर खरोखर मोजून पडताळा. मुद्दाम एकदा न हलवता करायला लावा, उत्तर साफ कोसळतं. मग विचारा की नदीतल्या मगरी कशा मोजतात? रात्री विजेरीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात, ते मोजतात. पाण्याखाली किंवा बिळात असलेल्या सुटतात, म्हणून असा आकडा नेहमी "निदान इतक्या" असाच वाचायचा.

मगरी पुलावरूनच दाखवा. काठावर एकाही मुलाला उतरू देऊ नका. फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ, आणि त्यानंतर पावसाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येईपर्यंत मादी जागा राखून असते.

प्रश्न : आमच्या भागातल्या तळ्यात उन्हाळ्यात पहाटे मासे मरून तरंगतात. रात्री कुणी विष टाकतं, असं लोक म्हणतात. खरं काय?
– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, विषही असू शकतं, पण आधी ऑक्सिजन तपासा. ३० अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, थंड पाण्यात त्याहून जास्त. सांडपाणी, साबण, निर्माल्य, माशांना घातलेल्या कणकेच्या गोळ्या यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, पाणी हिरवंगार होतं. दुपारी हे शेवाळ भरपूर ऑक्सिजन सोडतं. सूर्य मावळला की तेच शेवाळ, तळाच्या गाळातले जीवाणू आणि मासे असे सगळे मिळून तो संपवू लागतात. सूर्योदयाच्या थोडं आधी पातळी सर्वांत खाली येते. ३ मिलिग्रॅमच्या खाली मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, २ च्या खाली मरू लागतात. आदल्या दिवशी ढग असतील किंवा शेवाळ एकदम मेलं असेल तर धोका वाढतो.

विषापासून हे वेगळं ओळखता येतं. ऑक्सिजन कमी पडला तर मोठे मासे आधी जातात, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मागूर, मरळ तगतात. विष असेल तर वेळेचा नेम नसतो, छोटे मासे आधी मरतात, पाणकिडेही मेलेले दिसतात.

जवळच्या शाळेच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेकडून पाण्यातला ऑक्सिजन विंकलर या रासायनिक पद्धतीने मोजून मागा. नमुना दोनदा घ्यायचा, पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला. बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, आणि पहिली दोन रसायनं तळ्याकाठीच घालायची. नमुना घरी नेऊन मग घातली तर आकडा तळ्याचा येत नाही, बाटलीत नंतर जे झालं त्याचा येतो. दोन वेळांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर दोष शेवाळाचा, आणि ते वाढवणारं बहुधा सांडपाणी. कारंजं बसवल्याने मासे वाचतात, पण रोग तसाच राहतो. तळ्यात येणारं गटार बंद झालं पाहिजे.

प्रश्न : सोसायटीत कोनोकार्पसची रांग आहे. काढायची का? त्याजागी मुलांच्या हातून काय लावावं?
– एक सोसायटी सचिव, मांजलपूर

उत्तर : गुजरात सरकारने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे, तेव्हा नवीन तर लावूच नका. हिवाळ्यात त्याच्या परागांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो आणि मुळं पाइप-केबलमध्ये शिरतात, ही त्यामागची कारणं. जुनी काढायची तर पालिकेची परवानगी घेऊन, टप्प्याटप्प्याने, आधी बदली झाड वाढवून मगच. एकदम सगळी तोडलीत तर उन्हाळा असह्य होईल.

झाडं तोडण्याआधी मुलांकडून एक मोजणी करून घ्या : कोनोकार्पसची ५० पानं आणि करंजाची ५० पानं, किती कुरतडलेली आहेत? करंजाच्या पानांवर भोकं, गाठी आणि नागमोडी रेघा भरपूर सापडतील. कुरतडलेलं पान म्हणजे झाड रोगट, हा समज पुसायला यासारखा धडा नाही. अळ्या नसतील तर पिल्लांना भरवायला चिमण्या-बुलबुल आणणार काय?

लावायला करंज, बहावा, कडुनिंब, आणि कोपऱ्यात कढीलिंब. कढीलिंबावर मॉर्मन फुलपाखरू अंडी घालतं, मुलांना अळीपासून कोषापर्यंत सगळं खालच्या मजल्यावर बघायला मिळतं. वड-पिंपळ मोकळ्या मैदानात, भिंतीजवळ कदापि नको. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. बुंध्याभोवती एक मीटर जागा फरशीविना सोडा. निदान दोन उन्हाळे पाणी, आणि आधाराच्या काठीला बांधलेली तार वेळीच सैल करायची. नाहीतर तीच सालीत रुतून झाड मारते. जुलैत किती लावली हे सगळेच सांगतात. तुम्ही तिसऱ्या जूनमध्ये किती उरली ते फलकावर लिहा.

प्रश्न : मगरी पकडून लांब का नेऊन सोडत नाहीत?
– अकोटा

उत्तर : त्या परतण्याची धडपड करतात, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसऱ्या मगरी येतात. शिवाय मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात रस्त्यावर आलेल्या मगरी उचलल्या त्या वन विभागाने आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांनी. आपण फक्त कळवायचं आणि लांब राहायचं.

प्रश्न : पुरावर विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प हवा. थर्माकोलचं धरण नको.
– इयत्ता आठवीचा गट, रावपुरा

उत्तर : धरण नकोच. तुमच्या शाळेचाच हिशेब मांडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर आणि फरशी मिळून २,००० चौरस मीटर असेल आणि दिवसात १०० मिलिमीटर पडला, तर २ लाख लिटर झाले. पक्क्या पृष्ठभागावरून त्यातलं साधारण ९० टक्के वाहून जातं, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर, १० हजारी टँकरचे १८ टँकर. तेवढीच जागा मोकळ्या गवताळ मातीची असती तर २० ते ३० टक्केच वाहिलं असतं, चार ते सहा टँकर. विश्वामित्रीच्या काठची कोतरं (घळी) आणि तळी बुजवली की हेच पाणी थांबायची जागा जाते आणि सगळं एकाच वेळी पुलाशी येतं.

आता मोजा. दहा सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडं कापलेला डबा घ्या, कडा मोठ्या माणसाकडून घासून घ्या. तो पाच सेंटिमीटर जमिनीत ठोका, ४०० मिलिलिटर पाणी ओता आणि जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. तीन जागा : खेळाचं मैदान, हिरवळ आणि झाडाखालचा पालापाचोळा. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा. बाजूने पाणी फुटलं तर ती नोंद खोडा, डबा जरा सरकवून पुन्हा ठोका. पहिल्यांदा ओतलेलं पाणी कोरडी माती झटकन पिते, म्हणून पहिला आकडा सोडून द्या आणि दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी धरा.